मधोमध घर घेण्याआधी

लग्नानंतरचं आमचं पहिलं घर लोणावळ्याला होतं, भाड्याचं. नवऱ्याची कंपनी चिंचवडला आणि माझं ऑफिस मुंबईत फोर्टात. राहायचं कुठे, हा विषय दोन्ही घरांत निघाला तेव्हा सगळ्यांनी एकच तोडगा सुचवला, ‘मधोमध राहा, म्हणजे कुणा एकावर भार नको.’ ऐकायला ते न्यायाचं वाटलं. आम्हालाही पटलं. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर दोन खोल्या मिळाल्या, आणि जून उजाडायच्या आत आम्ही सामान लावून मोकळे झालो.

मुंबईची सीएसएमटी ते पुणे स्टेशन हे रेल्वेचं अंतर १९२ किलोमीटर आहे. लोणावळा मुंबईहून १२८ वर आणि पुण्याहून ६४ वर. म्हणजे अंतराच्या हिशेबानं लोणावळा मध्य नाहीच. खरा मध्य कर्जतच्या जवळपास येतो. पण कर्जत ते लोणावळा या २८ किलोमीटरमध्ये बोरघाट आहे आणि तिथे चढ ३७ फुटांना एक फुटाचा. सपाटीवरचे २८ किलोमीटर आणि घाटातले २८ किलोमीटर यांची तुलनाच होत नाही. नकाशावर पट्टी ठेवून मध्य काढणाऱ्याला हे दिसत नाही.

संध्याकाळची परतीची गाडी कर्जतला थांबायची. घाट चढण्यासाठी मागून बँकर इंजिनं जोडतात, त्याचा एक हलका धक्का डब्याला बसतो. तो बसला की आमच्या डब्यातल्या निम्म्या बायका पर्समधून फोन काढायच्या. ‘कर्जत आलं, कुकर लाव.’ लोणावळ्याला उतरणाऱ्यांसाठी तो पाऊण-एक तास आधीचा निरोप होता. मीही तो रोज द्यायची. पण नवरा तोवर घरी पोचलेला असेलच असं नसे, कारण त्याची लोकल चुकली की पुढची यायला बराच वेळ जाई. मुंबईच्या लोकलची सवय असलेल्यांना हे सांगूनही पटत नाही. पुणे–लोणावळा मार्गावर लोकल आहेत, पण मोजक्या, आणि दुपारी तर दोन लोकलमध्ये मोठं अंतर पडतं. म्हणजे प्रवास दोघांचाही सुरू होता आणि दोघंही घराबाहेर होतो. घर मधोमध होतं खरं, पण दिवसाचे चौदा तास त्याला कुलूप असायचं.

अकरा महिन्यांनी करार संपला तेव्हा आम्ही तो वाढवला नाही. पुढची दहा-बारा वर्षं आम्ही दोघांनी वेगवेगळ्या गावांना अप-डाउन केलं, तीन घरं बदलली आणि आमच्यासारख्या अनेक जोडप्यांना घर शोधायला मदत केली. त्यातून जे कळलं ते इथे सांगते आहे. हे मुंबई–पुण्याबद्दल असलं तरी नाशिक–मुंबई, संभाजीनगर–जालना, नागपूर–वर्धा असं रोज येणं-जाणं करणाऱ्यांनाही थोडाफार फरक करून लागू पडेल.

सगळ्यात आधी किलोमीटर विसरा. मोजायचा तो वेळ, आणि तोही घराला कुलूप लावल्यापासून ऑफिसात हजेरी लागेपर्यंतचा. गाडीच्या वेळापत्रकातला वेळ हा त्यातला एक तुकडा असतो. घरापासून स्टेशन, स्टेशनवर गाडीची वाट, गाडी, उतरल्यावर पूल चढून बाहेर येणं, शेअर रिक्षाची रांग, गेटपासून लिफ्टपर्यंत चालणं, हे सगळं धरा. बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो. ‘पनवेल ते कुर्ला एक तास’ असं म्हणून लोक घर घेतात आणि रोजचा प्रवास पावणेदोन तासांचा निघतो.

दुसरी गोष्ट, जी आम्हाला फार उशिरा उमगली. दिवस मोजा. कोण आठवड्यातून किती दिवस जातं, यावर सगळं अवलंबून आहे. पूर्वी दोघंही सहा दिवस जायचे, तेव्हा हा प्रश्न नव्हता. आता एकाला पाचही दिवस जावं लागतं, दुसऱ्याला तीनच दिवस बोलावतात आणि बाकीचे दिवस तो घरून काम करतो, असं चित्र घरोघर आहे. एका ओळखीच्या जोडप्यानं आमच्या सांगण्यावरून वहीत मांडलेला हिशेब इथे देते. ती वांद्रे-कुर्ला संकुलात, आठवड्याचे पाच दिवस. तो हिंजवडीत, तीन दिवस. पाहिलेली घरं तीन ठिकाणी: तळेगाव, पनवेल आणि चेंबूर.

तळेगावहून त्याला हिंजवडीला पन्नास मिनिटं लागत. सहा फेऱ्यांचे पाच तास. तिला मात्र बीकेसीला सव्वातीन तास, आणि तिच्या फेऱ्या दहा. साडेबत्तीस तास! दोघांचे मिळून आठवड्याला साडेसदतीस तास, आणि त्यातला जवळजवळ सगळा भार तिच्या अंगावर. पनवेलहून तिला एक तास चाळीस मिनिटं, म्हणजे दहा फेऱ्यांचे सोळा तास चाळीस मिनिटं. त्याला कळंबोलीहून बस धरून सव्वादोन तास, सहा फेऱ्यांचे साडेतेरा. एकूण तीस तास दहा मिनिटं. चेंबूरहून तिला चाळीस मिनिटं, म्हणजे सहा तास चाळीस मिनिटं. त्याला तीन तास, सहा फेऱ्यांचे अठरा. एकूण चोवीस तास चाळीस मिनिटं.

पनवेल हे त्यांना ‘मधलं’ वाटत होतं. पण मधल्या घरापेक्षा एका टोकाचं घर आठवड्याला साडेपाच तासांनी स्वस्त पडलं. चेंबूरचं भाडं जास्त होतं, खोल्याही लहान. त्यांनी तरी चेंबूर घेतलं, आणि मला विचाराल तर योग्यच केलं. साडेपाच तास म्हणजे महिन्याला बावीस तास. ते विकत घ्यायला जास्तीचं भाडं द्यावं लागलं असं समजा. भाड्यातला फरक प्रवासखर्चातल्या फरकाशी ताडून पाहा, मग उरलेल्या पैशाला त्या बावीस तासांनी भागा. तासाचा भाव तुम्हाला परवडतो का, हे तुमचं तुम्हाला लगेच कळेल.

प्रवासखर्च मोजताना मात्र मन मोठं करून सगळं मोजा. रेल्वेचा मासिक पास स्वस्त असतो, त्यामुळे गाडीनं जाणाऱ्याचा खर्च हलका वाटतो आणि मोटारीचा खर्च आपण फक्त पेट्रोलमध्ये धरतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर एप्रिल २०२३ पासून मोटारीचा एका फेरीचा टोल ३२० रुपये झाला. आठवड्यातून तीन दिवस जायचं तर सहा फेऱ्यांचे १,९२० रुपये, म्हणजे महिन्याला आठ हजारांच्या घरात, आणि हा नुसता टोल. अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला तेव्हा उलवे, पनवेलकडच्या घरांच्या जाहिरातींत ‘मुंबई वीस मिनिटांवर’ असं झळकू लागलं. सेतू २१.८ किलोमीटरचा आहे आणि तो वीस मिनिटांत ओलांडता येतो, हे खरं. पण सुरुवातीला ठरलेला एका बाजूचा टोल २५० रुपये होता आणि शिवडीला उतरल्यावर पुढचं शहर तसंच गर्दीचं आहे. ज्याला रोज जायचं आहे त्यानं आपला रोजचा मार्ग म्हणून लोकलच धरावी. सेतू अडीअडचणीला आहेच.

आता घाटाबद्दल, कारण इथे हयगय करून चालत नाही. रोजच्या दिवसावरून घर निवडू नका, वाईट दिवसावरून निवडा. २०१५ च्या आणि पुन्हा २०२३ च्या जुलैत द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ दरड आली. २०१९ च्या पावसाळ्यात कर्जत ते मंकी हिल या टप्प्यात रेल्वेमार्गाची इतकी पडझड झाली की मुंबई–पुणे गाड्या कितीतरी दिवस रद्द होत्या. घाटाच्या दोन बाजूंना दोघांची ऑफिसं असतील तर दोघांपैकी एक जण पावसाळ्यात कधी ना कधी पलीकडे अडकणार, हे गृहीत धरूनच चाला. तेव्हा प्रश्न असा विचारायचा की त्या रात्री घरी कोण असेल, आणि अडकलेल्याला झोपायला जागा कुठे आहे? या दोन्ही प्रश्नांना नावानिशी उत्तर असेल तर घर चालेल.

रविवारी मेगाब्लॉक असतो आणि शनिवार-रविवार लोणावळ्याच्या रस्त्यांवर पर्यटकांच्या गाड्यांची रांग असते, हेही धरा. आम्ही तिथे राहत होतो तेव्हा पावसाळी रविवारी भाजी आणायला जाणंही नको व्हायचं. सुट्टीला जाण्याचं गाव आणि रोज राहण्याचं गाव यांत फरक असतो.

परतीची शेवटची सोयीची गाडी कोणती, हे घर पाहण्याआधी विचारा. सकाळची गाडी सगळे पाहतात, संध्याकाळची कुणी पाहत नाही. सीएसएमटीहून पाच दहाची डेक्कन क्वीन आणि त्यानंतरची सिंहगड गेली की पुण्याकडे जाणाऱ्याला मग रात्रीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांवर भिस्त ठेवावी लागते. त्या घरी पोचवतात तेव्हा मध्यरात्र होते. आमच्या डब्यातल्या मैत्रिणी पाच वाजताची मीटिंग लागली की हवालदिल व्हायच्या. साहेबाला काय सांगायचं? गाडी आहे म्हणून उठते? एक-दोनदा चालतं, रोज नाही. म्हणून ज्याच्या कामाला संध्याकाळी ठराविक वेळी सुटका नाही, त्यानं गाड्यांच्या मोजक्या वेळांवर अवलंबून असलेलं गाव निवडू नये. त्याला लोकलच्या टप्प्यात राहू द्या. कर्जत, खोपोली, कसारा, पनवेल इथपर्यंत मुंबईची लोकल आहे. तिथे एक चुकली तर पुढची असते, आणि तीही चुकली तर तिच्या पुढची.

स्टेशनावर उतरल्यानंतरचा टप्पाही रात्री एकदा स्वतः चालून पाहा. दुपारी ब्रोकरबरोबर मोटारीत बसून गेलं की सगळंच जवळ वाटतं. रात्री दहाला स्टेशनबाहेर शेअर रिक्षा उभी असते का, सोसायटीपर्यंत दिवे आहेत का, शेवटचं पाऊण किलोमीटर सामसूम आहे का, हे कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं. स्टेशनबाहेरच्या चहावाल्याला विचारा. शेवटची रिक्षा किती वाजता जाते, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

आता मुलांविषयी. मूल नसताना घर निवडणं हा दोघांचा हिशेब असतो. मूल झालं की तो तिघांचा होतो आणि तिसऱ्याचं मत सगळ्यात वजनदार ठरतं. माझा अनुभव सांगते. मुलगी दीड वर्षाची असताना पाळणाघरातून फोन आला, ताप चढला आहे. मी दादरच्या पुढे गाडीत होते, नवरा कारखान्यात, पहिल्या पाळीला. त्याला बाहेर यायला परवानगी मिळेपर्यंत पाऊण तास गेला आणि मग पुढे दीड तासाचा प्रवास. पाळणाघरातल्या काकूंनी तिला मांडीवर घेऊन कपाळावर पट्ट्या ठेवल्या. त्यांचे उपकार मी आयुष्यभर विसरणार नाही. पण त्या दिवशी रात्री आम्ही एक नियम केला, आणि तो मी प्रत्येक जोडप्याला सांगते. पाळणाघरातून किंवा शाळेतून फोन आल्यापासून पाऊण तासात पोचू शकेल असं एक माणूस हवं. दोघांपैकी एक, किंवा आजी-आजोबा, आत्या, मावशी, अगदी विश्वासाची शेजारीण. पण ती व्यक्ती नक्की असावी, तिला तसं सांगितलेलं असावं, आणि शाळेच्या नोंदीत तिचा नंबर असावा. ज्या जागी असं माणूस मिळत नाही, ती जागा कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. घरात वृद्ध आई-वडील असतील तर त्यांनाही हाच नियम, वर रात्री उघडं असणारं हॉस्पिटल जवळ हवं.

त्यानंतर आम्ही चिंचवडला राहायला गेलो, नवऱ्याच्या कारखान्यापासून दहा मिनिटांवर. माझा प्रवास वाढला. पण मी ऑफिसात बोलले, मंगळवार-बुधवार-गुरुवार येते, बाकी काम घरून करते, असं ठरवून घेतलं. मंगळवारी सकाळी जायचं, रात्री दादरला मावशीकडे मुक्काम, बुधवारी काम करून परत. गुरुवारी पुन्हा जाऊन संध्याकाळी परत. तीन दिवसांचं ऑफिस, पण प्रवास दोनच वेळा जाऊन-येऊन. हा मुक्कामाचा दिवस फार मोठी सोय आहे, आणि तरी जोडपी तो विचारातच घेत नाहीत, जणू एक रात्र बाहेर राहणं म्हणजे संसार मोडणं. तसं काही नाही. नातेवाइकांकडे राहायचं तर दर महिन्याला काही ना काही घेऊन जा, त्यांच्या घरच्या कामाला हात लावा, आणि सणावाराला त्यांना आपल्याकडे बोलवा. नातेवाईक नसतील तर आठवड्यातून एक-दोन रात्री पेइंग गेस्ट म्हणून राहता येईल अशी जागा शोधा. मधोमध घर घेऊन दोघांची रोज दमछाक करण्यापेक्षा एका टोकाला घर आणि दुसऱ्या टोकाला एक खाट, ही व्यवस्था मला कितीतरी चांगली वाटते.

म्हणजे मधोमध कधीच नको का? तसं नाही. कोल्हापूर आणि सांगली-मिरज यांच्यामध्ये जयसिंगपूर आहे. एक कोल्हापूरला आणि दुसरा मिरजेला नोकरी करणारी कित्येक जोडपी तिथे सुखानं राहतात. कारण मधे घाट नाही, दोन्हीकडे एसटी आणि रेल्वे आहे, अंतर तासाभराच्या आतलं आहे, आणि जयसिंगपूर स्वतःच बाजारपेठेचं गाव आहे. शाळा, दवाखाने, बाजार, सगळं तिथेच. गोव्यात पणजी आणि मडगाव या दोन टोकांना नोकरी करणाऱ्यांनाही वेर्णा, कुठ्ठाळीकडचा मधला टापू सोयीचा पडतो. जुवारीवर नवा पूल होण्याआधी हीच वाट कुठ्ठाळीच्या कोंडीपायी नकोशी व्हायची. म्हणजे मध्याला तीन अटी आहेत: वाटेत घाट किंवा एकच अरुंद पूल असा अडथळा नको, दोन्ही दिशांना वाहनं वरचेवर हवीत, आणि ते गाव आपल्या पायावर उभं हवं. नुसतं दोन शहरांच्या मधे पडलेलं गृहसंकुल असेल, जिथे दूध आणायलाही मोटार काढावी लागते, तर तिथे राहून दोघंही थकतील आणि मूल खोलीत एकटं वाढेल.

नाशिक–मुंबई जोडप्यांना मी कल्याण पाहायला सांगते. नाशिककडून येणारी पंचवटी आणि पुण्याकडून येणारी सिंहगड, दोन्ही कल्याणला थांबतात, शिवाय मुंबईची जलद लोकल आहे. रेल्वेचं जंक्शन हा जोडप्यांचा मित्र आहे, कारण उद्या एकाची बदली दुसऱ्या दिशेला झाली तरी घर बदलावं लागत नाही.

बदलीवरून आठवलं. सरकारी नोकरीत असाल तर घर शोधण्याआधी अर्ज करा. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांत पती-पत्नी एकत्रीकरणाची सोय आहे. दोघांच्या शाळांमध्ये ३० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर त्याचा विचार होतो. केंद्र सरकारनेही २००९ मध्ये पती-पत्नींना शक्यतो एकाच ठिकाणी नेमण्याबद्दल सूचना दिल्या आहेत. हे सारं प्रशासनाच्या सोयीनुसार होतं, लगेच होईल असं नाही. पण पुष्कळ जोडपी ‘आपलं कोण ऐकणार’ म्हणून अर्जच करत नाहीत आणि दोन गावांच्या मधे कर्ज काढून घर घेऊन बसतात. आणि मग वर्षा-दीड वर्षात बदली होते.

म्हणूनच माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या वर्षी घर विकत घेऊ नका. एक पूर्ण पावसाळा भाड्यानं काढा. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा करार करा आणि त्याची नोंदणी करून घ्या. महाराष्ट्रात ती बंधनकारक आहे आणि ऑनलाइन होते. करारात लॉक-इनचा काळ किती आहे ते नीट वाचा. दोघांपैकी एकाची नोकरी बदलली तर डिपॉझिट न गमावता किती महिन्यांच्या नोटिशीवर निघता येईल, हे आधीच ठरवून घ्या. घरमालक सज्जन असला तरी कागद हवाच.

विकत घ्यायचंच असेल तर होऊ घातलेल्या प्रकल्पाच्या भरवशावर घेऊ नका. नवी मुंबईच्या मेट्रोचा बेलापूर ते पेंधर हा पहिला मार्ग पाहा. त्याचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि गाडी प्रवाशांसाठी धावली नोव्हेंबर २०२३ मध्ये. बारा वर्षं! २०११ मध्ये ‘मेट्रो येणार’ म्हणून तळोज्यात घर घेतलेल्यांची मुलं तोवर पहिलीतून कॉलेजात गेली. ज्या रस्त्यानं, ज्या गाडीनं तुम्ही आज जाऊ शकता, त्यावरच आजचं घर घ्या. पुढे मेट्रो आली तर आनंदच आहे. आणि घर बाईच्या नावावर घ्यायचा विचार असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, ती नोंदणीच्या वेळी मागून घ्या. लाखांच्या व्यवहारात तो एक टक्का वर्षभराच्या पासाहून कितीतरी मोठा असतो.

आता एक नाजूक गोष्ट, पण टाळून चालणार नाही. आपल्याकडे घर कुठे घ्यायचं हे ठरतं तेव्हा पुष्कळदा न बोलताच ठरलेलं असतं की नवऱ्याच्या नोकरीजवळ राहायचं आणि ‘ती करेल ॲडजस्ट.’ तिचा प्रवास हा तिचा हौशी निर्णय मानला जातो, त्याचा प्रवास हा घराचा. हे बदला. वहीत दोन्ही पगार लिहा, दोन्ही नोकऱ्यांचं पुढच्या पाच वर्षांचं भविष्य लिहा, दोघांचे तास लिहा. मग जे निघेल ते निघेल. तिचं ऑफिस जवळ असावं असं हिशेब सांगत असेल तर त्याला दूर जाऊ द्या. आणि जो कुणी लांब जातो, त्याच्याकडून सकाळ-संध्याकाळची घरकामं काढून घ्या. चार तास गाडीत घालवून आलेल्या बाईनं ओट्यापाशी उभं राहायचं आणि दहा मिनिटांवरून आलेल्या नवऱ्यानं चहाची वाट पाहायची, हे अन्यायाचं आहे. चिंचवडच्या घरात सकाळचा डबा, मुलीची तयारी आणि पाळणाघर हे सगळं नवरा करायचा. सुरुवातीला सासूबाईंना ते रुचलं नाही. एकदा त्या स्वतः माझ्याबरोबर गुरुवारी मुंबईला आल्या, डब्यात पायाला पाय लावून उभं राहणं पाहिलं, आणि परतल्यावर मुलाला म्हणाल्या, ‘भाजी तू आणत जा, हिला येताना सांगू नकोस.’

डबा म्हटलं की बोलायला हवं. रोजच्या गाडीतला ग्रुप हाही घर निवडण्याचा भाग आहे. डेक्कन क्वीन १९३० पासून धावते आहे आणि तिच्या पासधारकांच्या डब्यात नाती जुळली आहेत, मुलांच्या शाळांची, डॉक्टरांची, भाड्याच्या घरांची माहिती तिथेच मिळते. आमचं चिंचवडचं घर ब्रोकरनं नव्हे, डब्यातल्या एका ताईंनी शोधून दिलं. नव्या गावी जाण्याआधी एक-दोन दिवस तिथून गाडी पकडून पाहा, डब्यातल्या लोकांशी बोला. कुठल्या भागात पाणी चोवीस तास येतं आणि कुठे टँकर लागतो, हे त्यांच्याइतकं खरं कुणी सांगणार नाही.

शेवटी एक विनंती. टोकन देण्याआधी एक सोमवार काढा, शक्यतो जुलैतला. आदल्या रात्री त्याच गावात मुक्काम करा, आणि सकाळी दोघंही तिथूनच, आपापल्या वेळेला, छत्री घेऊन आपापल्या ऑफिसला निघा. संध्याकाळी त्याच वाटेनं परत या. रात्री जेवण झाल्यावर, दोघांनाही बोलायचं त्राण उरलं असेल, तर मंगळवारी ब्रोकरला फोन करा.